थंडोबाचा बर्फ आणि माझा गुडघा

आमच्या साडूला सगळी गल्ली थंडोबा म्हणते. हे नाव मीच पाडलं, हे आधीच कबूल करतो. लोकांना नावं ठेवणं हा माझा जुना उद्योग, आणि त्यात मी घरच्यांनाही सोडलेलं नाही.

थंडोबा एकतीस वर्षं गावातल्या स्केटिंगच्या रिंकवर बर्फ तयार करतो. मी त्याच रिंकवर माइकवरून खेळाडूंची नावं पुकारतो. म्हणजे तो न बोलता काम करतो आणि मी काम न करता बोलतो. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे ही वाटणी बरी की वाईट, याचा निकाल त्या दर रविवारी लावतात.

बर्फ करणं म्हणजे पाइप सोडून बसणं, असं मलाही वाटायचं. तसं नसतं. फरशीखाली गार नळ्यांचं जाळं असतं. वर पाण्याचा फवारा मारायचा, कागदाएवढा थर गोठू द्यायचा, मग दुसरा थर, मग तिसरा. घाई केली की बर्फ ठिसूळ होतो. थंडोबाने आयुष्यात घाई केलेली नाही. लग्नातही सगळे पाच मिनिटं त्याच्यासाठी खोळंबले होते.

त्याची एक गंमत म्हणजे तो स्पर्धा कधी बघत नाही. कोपऱ्यात बर्फाकडे पाठ करून, डोळे मिटून उभा राहतो आणि बुटाच्या पात्याचा आवाज ऐकतो. कर्र वाजलं तर बर्फ कडक, फसफस वाजलं तर मऊ. बरोबर जमला की एक लांब, सलग सुर्र येतो म्हणे. मला सगळे आवाज सारखेच वाटतात. धाकटी, म्हणजे त्याची बायको, म्हणते, "घरी मी बोलते तेव्हाही हे असेच उभे असतात. फक्त तेव्हा डोळे उघडे असतात आणि कान मिटलेले."

त्या वर्षी आमच्या रिंकवर पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा ठरली होती. अकरा देशांचे खेळाडू येणार होते. महिनाअखेर थंडोबा निवृत्त होणार, म्हणजे हा त्याचा शेवटचा बर्फ. तो अकरा दिवस थरावर थर चढवत राहिला. मी आरशासमोर परदेशी आडनावं घोटत राहिलो. आमची थोरली, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून विचारायची, "आता आडनाव होतं की शिंक आली?"

मग साथ आली. विमानं बंद व्हायला लागली. तरी मी गल्लीत छातीठोकपणे सांगत होतो, "स्पर्धा होणारच, आतली खबर आहे." आतली खबर म्हणजे माझ्याच डोक्यातली. हे मी सकाळी दूधवाल्याला सांगितलं आणि दुपारी स्पर्धा रद्द झाल्याचं पत्र आलं. देशांनी सीमा बंद केल्या होत्या, कुणीच येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दूधवाला नुसता हसला. मास्क असूनही मला ते दिसलं.

मॅनेजरसाहेबांनी हुकूम दिला, रिंक बंद, शनिवारी दुपारी बारा वाजता नळ्या गार करणारं मशीन बंद करायचं, बर्फ वितळू द्यायचा. थंडोबा म्हणाला, "बरं." मला वाटलं, संपलं.

शनिवारी सकाळी मी माझे कागद आवरत होतो, तर हा दारात उभा.

"साडूभाऊ, एक काम होतं."

एकतीस वर्षांत त्याने मला काम सांगितलं नव्हतं. मी करणार नाही हे त्याला ठाऊक असावं.

"हा बर्फ कुणी ऐकलाच नाही," तो म्हणाला. "पोरं सगळी घरात कोंडलेली. आत यायची परवानगी साहेब, तुम्ही आणि मी, आपल्या तिघांनाच. तुम्ही तरुणपणी खेळायचात ना?"

आता इथे माझी पापं उघडी करायला हवीत. थोरलीला बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, छंद काय? मी म्हणालो, स्केटिंग. खरं म्हणजे एकदा कठडा धरून दहा मिनिटं उभा राहिलो होतो. पुढे सांगता सांगता त्यात एक पदक आलं, आणि पदकाच्या मागोमाग खेळ सोडायला लावणारी गुडघ्याची दुखापत आली.

"गुडघा आहे ना," मी म्हणालो.

"मागच्या आठवड्यात डावा होता. आत्ता तुमचा हात उजव्यावर आहे."

भाड्याच्या बुटांतला एक जोड त्याने पुढे केला. मी एकाहत्तराव्या वर्षी पदकविजेत्याच्या तोऱ्यात बर्फावर पाय टाकला आणि तिथल्या तिथे बसलो. थंडोबाने वाकून पात्यांवरची प्लास्टिकची टोपणं काढली.

"ही काढून जायचं असतं," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. थोरल्या ताईंनाही. त्यांना तर लग्नाआधीपासून."

"मग मला कशाला उभं केलंत?"

"दुसरं आहे कोण? कठडा धरा. पाय उचलू नका, ढकला. आणि बोलू नका."

त्याने पाठ केली. मी पाच पावलं ढकलली. सहाव्याला पात्याच्या पुढच्या दातांनी बर्फ उकरला आणि मी कठड्याला मिठी मारली.

"कोपऱ्यात कडक आहे," तो म्हणाला. "तापमान अर्धा अंश चढवायला हवं."

मी घड्याळाकडे बघितलं. साडेनऊ. अडीच तासांनी ज्याचं पाणी होणार, त्याचा अर्धा अंश हा बदलायला निघाला होता. तो मशीनच्या खोलीत जाऊन आला, मी उकरलेल्या खड्ड्यात त्याने बर्फाचा चुरा आणि पाणी भरलं, आणि तळवा लाल होईपर्यंत दाबून धरला. मग आम्ही बाकावर बसून राहिलो. मी बूट काढले नाहीत, नाड्यांपर्यंत हातच पोचत नव्हता.

बाराला दहा कमी असताना तो म्हणाला, "चला."

या वेळी कसं कोण जाणे, कठडा सुटला. मी रिंकच्या मधोमध निघालो आणि लक्षात आलं की थांबायचं कसं, हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. पायाखालून एक लांब आवाज निघत होता. थंडोबा पाठमोरा होता, मान किंचित कललेली.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब आत आले. "बारा वाजले. बंद करा मशीन."

"करतो साहेब," थंडोबा मागे न वळता म्हणाला. "ते थांबले की करतो."

मी आणखी एक पाऊल ढकललं.