थंड इंजिन आणि चेन्नईची रेस

नातीला जाऊ द्यावं की नको, या घोळात उन्हाळी धानाची रोवणी तोंडावर आली. नात मोनाली चेन्नईला रेसच्या गाड्यांच्या वर्कशॉपात इंजिनाचं काम करते. तिचा मालक तिला दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवायला तयार आहे. माझा मुलगा म्हणाला, "बाबा हो म्हणतील तर जा." म्हणजे सगळा भार माझ्या डोक्यावर! एकटी पोरगी, परका देश, तिथली थंडी. मला झोप लागेना. शेवटी मोनालीनंच फोन केला, "आबाजी, एकदा माहं काम पाहून घ्या, मंग नाही म्हणा."

मी आणि बायको दिघोरीहून सकाळच्या एसटीनं निघालो. माझी पंच्याहत्तरी झाल्यामुळे मला तिकीट नाही, बायकांना अर्धं. आधार कार्ड मात्र वरच्या खिशात ठेवा, कंडक्टर विचारतो. पवनीला गाडी बदलली. स्टँडवर आलुबोंडा चांगला मिळतो, पण प्रवासात पोट बिघडेल म्हणून मी अर्धाच खाल्ला. उरलेला हिनं खाल्ला, वर आणखी एक घेतला. भिवापूर, उमरेड करत नागपूर. रस्ता आता चांगला झाला आहे.

नागपूरहून चेन्नईची गाडी धरली. तिकीट, औषधं, चष्मा, पुन्हा तिकीट, असं माझं चाललेलं पाहून ही म्हणाली, "अवो, तिकीट कुठी पळून नाही जात. पळून राह्यली ते रेल्वे."

चेन्नईला मोनालीनं खोली बघून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर गेलो. तो शहराबाहेर आहे, सकाळी लवकर निघालेलं बरं. टोपी आणि कानात घालायचे बोळे न विसरता न्या. सांबार-भात तिथंच मिळतो.

आधी लहान गाड्या धावल्या. चाकं उघडी, बसायला एकच माणूस. त्यानंतर मोठी गाडी दाखवायची होती. जगातल्या सगळ्यात वरच्या रेसमध्ये पूर्वी धावलेली, आता निवृत्त. तिच्यावर मोनालीचं काम. मोनालीनं मला आधीच समजावलं होतं. आमच्या बोडीवरच्या, म्हणजे शेतातल्या तळ्यावरच्या, डिझेल इंजिनाची ताकद पाच हॉर्सपॉवर, मिनिटाला साडेसहाशे फेरे. या इंजिनाची ताकद सातशेच्या वर आणि मिनिटाला अठरा हजार फेरे! इतक्या फेऱ्यांत लोखंड फाटत कसं नाही, हीच मला काळजी. मोनाली त्याच्याजवळ उभी राहणार होती.

पण गाडी सुरूच होईना. चार-पाच जण तिच्याभोवती, नळ्या लावलेल्या, आणि मोनाली एका पेटीवर वाकलेली. लोक वाट बघून कंटाळले. शेजारचा हैदराबादचा माणूस म्हणाला, "लगता है बिगड़ गई, चाचा." एवढ्या लोकांसमोर पोरीची फजिती! मला राहवेना. दोरीजवळ जाऊन ओरडलो, "मोनू, बंद पडलं का वो?"

तिनं वर पाहिलं आणि हसली. "नाही जी आबाजी! इंजिन थंड हाय. गरम पाणी फिरवून राह्यलो."

"काहून?"

"आतला पिस्टन लय टाइट बसवला हाय. थंडा असला तं फिरतच नाही. आधी गरम करा लागते, मंगच चालू होते."

ही मोठ्यानं हसली. "अवं माय! हे तं मी चुलीवर करत होती. थंडीत तुमचं इंजिन उठत नोहोतं, तवा गुंडभर पाणी तापवून कोण आणे? पोरगी माह्यावर गेली, उगाच तुम्ही घाबरून राह्यले."

मग ते सुरू झालं. आमचं इंजिन डुगडुगतं, ठोके मोजता येतात. इथं ठोकाच नाही, एक सरळ किंकाळी. बोळे असूनही छातीत शिरली. ट्रॅकचा सरळ रस्ता आखूड, म्हणून पूर्ण वेग नव्हता. मोठ्या ट्रॅकवर ती तीनशेच्या पुढे जाते म्हणे. तरी मान वळवेपर्यंत गाडी वळणावर पोचलेली. वेगापेक्षा मला तिचं थांबणं जास्त आवडलं. आता आदळते असं वाटताना ती एकदम हळू होई आणि शांतपणे वळून जाई. मोनाली कानावर हेडफोन लावून पडद्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जराही घाई नव्हती. आमच्या घरात असा चेहरा कुणाचा, ते मला ठाऊक आहे. माझा नक्कीच नाही.

स्टेशनवर तिनं विचारलं, "मंग काय ठरवलं, आबाजी?" मी म्हणालो, "घरी जाऊन सांगतो." गाडी हलेपर्यंत ती खिडकीशी उभी होती. बायको माझ्याशी बल्लारशापर्यंत बोलली नाही.

दिघोरीला परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी बोडीवर धुकं होतं. वीज नव्हती, रोवणीला पाणी हवं होतं. इंजिन काही केल्या उठेना. हिला न सांगता मीच चूल पेटवली, पाणी तापवलं, हळूहळू इंजिनात ओतलं. हँडल मारलं. दोनदा खोकलं आणि डुगडुगायला लागलं. पाणी धानाच्या बांधीत पडलं तसा मी तिथूनच फोन लावला. मोनालीला ते ऐकू येत होतं.

"आबाजी, आपलं इंजिन?"

"हो. आता आयक. इंग्लंडले जाय. पण तिथं थंडी लय राह्यते म्हणते. सकाळी आधी तू गरम पाणी पी, मंग इंजिनले दे."