भावाशी न झालेलं भांडण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

गंगाधर माझ्या वर्गातला. बिलोलीच्या शाळेला आम्ही एकाच सायकलवर जायचो. पुढे शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात आमच्या भावकीतला एक माणूस मेला, आणि खुनाच्या केसमध्ये गंगाधरचंही नाव आलं. तो मारणाऱ्यांत होता की नुसता तिथं उभा होता — मला ठाऊक नाही. कोर्टालाही नव्हतं. पाचेक वर्षं तो नांदेडच्या तुरुंगात पडून होता आणि एकही साक्षीदार तपासला गेला नव्हता. शेवटी हायकोर्टानं म्हटलं, खटला चालेल तेव्हा चालेल, याला जामीन द्या.

जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला, असं तुम्हालाही वाटतं ना? तसं नसतं. शेतजमीन असलेल्या कुणीतरी सातबारा घेऊन न्यायाधीशापुढे उभं राहावं लागतं — याची जबाबदारी माझी, म्हणून. त्याची आई सत्यभामाबाई माझ्याकडे आली. मी लगेच हो म्हणालो. खरं सांगतो, जरा छातीही फुगली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भावकीतल्या आबांनी विचारलं, "त्याला जामीन ऱ्हाऊन राहिला म्हणं तू?" एवढंच. धमकी नाही, शिवी नाही. माझा चहा मात्र हातातच गार झाला. इतका भित्रा मी कधी झालो — की पहिल्यापासून होतोच?

तिथून तडक सत्यभामाबाईकडे गेलो. सांगितलं, उदगीरच्या भावानं हरकत घेतली, वाटणीचा वाद लागलाय, आता आमचा सातबारा कोर्टात चालत नाही. वाद कसला! भाऊ तिकडं मास्तर, त्याला यातलं काहीच माहीत नाही. आमची वाटणी कधीच झालेली, जमीन माझ्या एकट्याच्या नावावर.

"ऱ्हाऊ दे बाबा," ती म्हणाली. "माझ्या लेकरापायी भावाभावात वाकडं नको."

तिनंच माझी समजूत काढली.

गंगाधरच्या देगलूरच्या मामानं दुसरा जामीनदार शोधेपर्यंत पुढची पेरणी आली. तोवर सत्यभामाबाई गेली होती. गंगाधर आला तो पोलिसांबरोबर. अग्नी दिला आणि संध्याकाळी परत तुरुंगात गेला — जामीन मंजूर झालेला माणूस. मी तिला खांदा दिला. लाज वाटली नाही का? वाटली. तरी तोंड उघडलं नाही.

आता तो गावातच असतो, तारखेला कोर्टात जातो. भाऊ सणाला आला की गंगाधर त्याला बघून वाट बदलतो. भाऊ मला विचारतो, याचा माझ्यावर राग कशाचा? मी सांगतो, तुरुंगातून आल्यापासून तसाच आहे तो.

आणि मी एकटा भेटलो की गंगाधर जवळ येतो, हळूच विचारतो, "वाटणीचं मिटलं का रं तुमचं?"

"न्हाई अजून," मी म्हणतो. परवाही तेच म्हणालो.