सह्या माझ्या होत्या

शिकवलं मंदावहिनींनी आणि बक्षीस मी घेतलं. भर सभेत, हसत, हात जोडून घेतलं. हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढे लिहिताना मला स्वतःची बाजू सावरता येणार नाही.

इंदिरानगरमधल्या एका हॉलमध्ये आमच्या रोइंग क्लबचा वार्षिक पुरस्कार सोहळा होता. वल्हवणारी मुलं-मुली, प्रशिक्षक, वर्षभर राबणारे कार्यकर्ते, सगळ्यांचा सत्कार त्या एका दिवशी होतो. मी स्टेजवर दुसऱ्या रांगेत होतो. अंगात क्लबचा निळा ब्लेझर. कार्यकर्त्यांची नावं चालली होती. सेक्रेटरी साहेब माईकवर म्हणाले, "आता आमच्या मंदाताई. या नसत्या तर आमच्या पोरी उपाशीच वल्हवत राहिल्या असत्या."

हॉल हसला.

मंदावहिनी मागे जेवणाच्या टेबलांपाशी होत्या. कुणीतरी त्यांना तिथं वाढायला उभं केलं होतं. पदराला हात पुसत त्या पुढे आल्या. चप्पल खाली काढली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात साहेब म्हणाले, "असू द्या ताई, वर नका येऊ. फोटोची रांग मोडेल. तिथंच घ्या."

पाहुण्यांनी वाकून साडी आणि नारळ खाली दिला. पुन्हा हशा. वहिनींनी दोन्ही हातांनी घेतलं. चप्पल घातली. परत टेबलांकडे गेल्या.

मी टाळ्या वाजवल्या.

मग उत्कृष्ट प्रशिक्षक. माझं नाव. मला पायऱ्या चढाव्याच लागल्या नाहीत. मी आधीपासून वरच बसलो होतो.

मंदावहिनी म्हणजे रमेशची बायको. रमेश आणि मी आठ वर्षं एका बोटीत वल्हवलं. तो पुढे, मी मागे. दोघंही धरणाकाठचे भोई. आमचे बाप त्याच पाण्यात जाळी टाकायचे. पुढे मी शिकलो, पंचवटीतल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक झालो. रमेश क्लबवरच राहिला. मोटारबोट चालवायचा. सराव चालू असताना मुलांच्या मागे राहायचं, कुणी उलटलं तर बाहेर काढायचं. चार वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला. त्याच्या जागी वहिनी आल्या. सातवी शिकलेल्या. क्लबनं त्यांना बोट दिली आणि जोडीला मुलींच्या नाश्त्याचं काम दिलं.

पण त्या नुसती बोट चालवत नव्हत्या.

वल्हं पाण्यातून निघालं की मागे एक भोवरा उरतो. चार मुलींचे चार. कुठला खोल, कुठला उथळ, यावरून कोण ओढतेय आणि कोण नुसती हलतेय हे वहिनी मागून सांगायच्या. मुलीच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. "ए दोन नंबर, तुझा भवरा लय रडका हाय आज. रात्री जेवली नाय का?" बाकीच्या तिघी फिदीफिदी हसायच्या. आणि पुढचा भोवरा खोल पडायचा. त्यांच्याकडे इंग्रजी शब्द नव्हते. धर, ओढ, सोड. एवढ्यावर त्यांनी दोन वर्षांत त्या चौघींना राज्य स्पर्धेच्या पदकापर्यंत नेलं.

मी कुठे होतो? शाळेत.

क्लबचा नियम असा की प्रत्येक सरावाची नोंद वहीत झाली पाहिजे. कुठली बोट, कोण बसलं, किती वाजता गेली, किती वाजता आली. शेवटी प्रशिक्षकाची सही. सही सर्टिफिकेटवाल्याचीच चालते. त्याशिवाय बोट पाण्यात उतरत नाही. वहिनींकडे सर्टिफिकेट नव्हतं. माझ्याकडे होतं. मी रविवारी यायचो आणि अख्ख्या आठवड्याच्या सह्या एकदम मारायचो. सुरुवातीला सोय म्हणून. मुलींचा सराव बंद पडू नये म्हणून. पुढे सवय झाली. मग मला वाटायला लागलं की हे काम माझंच आहे. खरंच वाटायला लागलं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुरस्काराची नावं त्या वहीवरून निघतात. साहेबांनी मला शिफारशी लिहायला बोलावलं, तेव्हा मी एकदा, एकदाच, वहिनींचं नाव काढलं. म्हटलं, मुलींना जास्त वेळ त्याच बघतात.

साहेब हसले. "दोघं तुमच्यातलेच. प्रशिक्षकाचे दोन-दोन मान एकाच वर्षी तिकडे गेले तर लोक काय म्हणतील? प्रशिक्षक तुम्ही घ्या. बाईंना कार्यकर्त्यांत टाकू."

तुमच्यातलेच. तिकडे.

मी पन्नाशीला आलेला माणूस. दोन पोरांचा बाप. म्हणालो, "चालेल सर." आणि वहिनींच्या नावापुढे मीच लिहिलं, नाश्ता व्यवस्था. माझ्या अक्षरात.

तो सूर मला नवा नव्हता. एकोणीस वर्षांचा असताना मी आणि रमेशनं पदक आणलं. त्या वर्षीच्या सोहळ्यात एका डॉक्टरांच्या मुलाचा सत्कार झाला. तो चौथा आला होता. त्याच्या मेहनतीवर पाच मिनिटं भाषण झालं. पहाटे उठतो, अभ्यास सांभाळतो, हाताला फोड आले. आमची पाळी आली तेव्हा क्लबचे त्या वेळचे अध्यक्ष म्हणाले, "यांचं काय, पाणी यांच्या रक्तातच आहे." लोकांनी कौतुकानं मान डोलावली. माझ्या हातालाही फोड होते. मी हात मागे घेतले. रमेश मात्र घरी येईपर्यंत शिव्या देत होता. म्हणाला, आपण घाम गाळला ते यांच्या हिशेबी पाणीच. मी त्याला गप्प केलं. म्हटलं, नाव तर घेतलं ना.

नाव तर घेतलं ना. मी आयुष्यभर एवढ्यावरच जगलो.

यंदाच्या सोहळ्यानंतर जेवताना प्रमुख पाहुणे माझ्या शेजारी बसले. देवळाली कॅम्पहून आलेले निवृत्त सुभेदार. स्वतः जुने वल्हवणारे. त्यांनी मुलींची शर्यत पाहिली होती. आपुलकीनं विचारलं, "तुमची तीन नंबरची मुलगी मागच्या वर्षी वल्हं उशिरा टाकायची. या वर्षी अगदी बरोबरीनं. कसं काढलंत ते?"

मला माहीत नव्हतं. तीन नंबरची मुलगी उशिरा टाकायची, हेच मला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, खांद्याचे व्यायाम दिले. सुभेदारांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवून पानात बघितलं. माझ्या मागे वहिनी पुऱ्यांची परात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पुढे आल्या आणि माझ्या पानात पुरी वाढली. "घ्या ना, भाऊजी." एवढंच. ती पुरी पानातच ठेवून मी उठलो.

त्या मुलीच्या डोळ्यांना ओढणी बांधून वहिनींनी तिला महिनाभर वल्हवायला लावलं होतं, म्हणजे पुढच्या मुलीच्या पाठीकडे न बघता बोटीच्या हलण्यावरून वेळ कळावी. हे मला नंतर मुलींकडून कळलं.

पुढच्या महिन्यात वहिनी शाळेच्या गेटवर आल्या. दुपारची वेळ. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक फॉर्म. रोइंगच्या राज्य संघटनेचा प्रशिक्षकांचा कोर्स होता. शिक्षण कमी असलं तरी चालणार होतं, मात्र दोन वर्षं शिकवल्याचं एखाद्या सर्टिफिकेटवाल्यानं लिहून द्यायला हवं होतं. कोर्स झाला की सही करायचा हक्क मिळणार होता. स्वतःच्या कामाखाली स्वतःचं नाव.

"भाऊजी, इथं तुमी लिवायचं. मी दोन वर्सं पोरी शिकवल्या, एवढंच. जास्तीचं काय नको."

मी म्हणालो, ठेवून जा, बघतो.

बघण्यासारखं काय होतं त्यात? एक ओळ होती. पण ती ओळ लिहिली की माझ्या दोन वर्षांच्या सह्या खोट्या. बक्षीस खोटं. सर्टिफिकेट जाणार, शाळेत चौकशी होणार. मी फॉर्म टेबलाच्या खणात ठेवला. रोज खण उघडायचो, बघायचो, बंद करायचो. अकरा दिवस. रविवारी क्लबवर गेलो की वहिनी काही विचारायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. मी मोबाइल काढायचो.

मुदत संपायला एक दिवस उरला, तेव्हा मी साहेबांकडे गेलो. हिंमत आली म्हणून नाही. दुसऱ्या कुणीतरी मला लिही म्हणून सांगावं, म्हणून गेलो. साहेबांनी फॉर्म वाचला आणि माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "वेडेपणा करू नका. तुम्ही जाल, क्लबही जाईल. आणि तिला कोर्स कशाला हवा? या लोकांच्या रक्तातच असतं पाणी."

या लोकांच्या. माझ्याशीच बोलत होते. माझ्यासमोर बसून. मी ब्लेझर घातल्यावर त्यांना माझा विसर पडला होता, की मलाच माझा पडला होता?

तीस वर्षांपूर्वी हात मागे घेतले होते. या वेळी टेबलावरचा पेन उचलला. तिथंच, त्यांच्यासमोर लिहिलं. मंदावहिनींनी दोन वर्षं या मुलींना शिकवलं. मी शिकवलं नाही. खाली सही केली. त्या वहीच्या संबंधातली माझी ती पहिली खरी सही. फॉर्मवर क्लबचा शिक्का लागत होता. मी मागितला.

"शिक्का मिळणार नाही," साहेब म्हणाले.

"मग सह्या खोट्या आहेत हे मी संघटनेला कळवतो."

"कळवा. मुलींचं पाणी बंद होईल. ते पाप तुमचं."

दुसऱ्या दिवशी मी बिनशिक्क्याचा फॉर्म घेऊन संघटनेच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या माणसानं तो परत दिला. शिक्क्याशिवाय नाही. मुदत संपली. वहिनींचं वर्ष गेलं. अकरा दिवस आधी लिहिलं असतं तर भांडायला अकरा दिवस हातात होते. ते मी खणात कोंडून ठेवले. तिथल्याच बाकावर बसून मी सह्यांबद्दलचं पत्र लिहिलं आणि त्याच खिडकीत दिलं. ते मात्र त्यांनी लगेच घेतलं.

संध्याकाळी वहिनींच्या घरी गेलो. त्या दारात मासळी साफ करत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. म्हटलं, वहिनी, माझं चुकलं.

त्यांनी विळीवरची नजर काढली नाही. "घेतलं तवा माईकवर घेतलं, भाऊजी. आता दारात येऊन कानात काय सांगता?"

त्यांनी पुढचा मासा विळीवर घेतला.

"रमेश असता तर त्यानं तुमाला धक्क्यावरून पाण्यात ढकललं असतं. मी नाय ढकलत. पण चहा पन नाय ठेवत."

पुढच्या रविवारी मी धक्क्यावर गेलो. मुली होत्या, त्यांचे आईवडील होते. साहेब होते, कारण पत्राची बातमी पोचली होती आणि ते पालकांना समजावायला आले होते. बोटी घडवंचीवर उपड्या. सराव बंद. तीन नंबरची मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. वहिनी मोटारबोटीपाशी उभ्या होत्या. साहेब पालकांना म्हणाले, थोडा गैरसमज झालाय, आपण मार्ग काढू. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. माईक नव्हता. पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो. जसं बोललो तसंच इथं लिहितो.

"मंदावहिनी, या मुलींना तुम्ही शिकवलंत. मी नाही. वहीतल्या दोन वर्षांच्या सह्या माझ्या आहेत आणि प्रत्येक सही खोटी आहे. तुमच्या नावापुढे नाश्ता कुणी दुसऱ्यानं लिहिला नाही, मी लिहिला. तुमचा फॉर्म मी अकरा दिवस दाबून ठेवला, म्हणून तुमचं वर्ष गेलं. आज या मुलींचं पाणी बंद आहे, तेही माझ्यामुळे. माझं सर्टिफिकेट जाईल, जाऊ दे. पुढच्या वर्षी तुमच्या फॉर्मवर शिक्का मिळेपर्यंत मी क्लबच्या दारातून हलणार नाही. आणि तुम्ही शिकवलेल्या मुलींवर पुन्हा कुणी आपलं नाव घातलं, तर मी असाच सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन. तुम्हाला जे वरून वाकून दिलं, ते आपल्याच घरातल्या माणसाच्या मदतीनं दिलं. तो माणूस मी आहे. मी तुमची चोरी केली, वहिनी. मला माफ करा."