खांबावरची पिशवी

आत्याच्या तीन अटी होत्या. पिशवी जमिनीला टेकवायची नाही. वाटेत कोणाच्या घरात न्यायची नाही. आणि आत काय आहे ते कंडक्टरला सांगायचं नाही, तो चढू देणार नाही.

पिशवीत तांब्याचा लोटा होता, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला. लोट्यात बाबांच्या अस्थी होत्या. बाबा निवृत्तीनंतर काटोलला राहत. तिथंच ते गेले, तिथंच तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडली. आई आधीच गेलेली आणि मी एकुलती एक, त्यामुळे रामटेकच्या अंबाळा तलावावर मी आणि आत्या, अशा दोघींनीच जायचं ठरलं. आत्या ही बाबांची मोठी बहीण, नरखेड तालुक्यातल्या खेड्यात राहणारी. शेजारच्यांनी कार देऊ केली तर म्हणाली, "काहून? आख्खी नोकरी त्यानं लाल गाडीची केली. तो लाल गाडीनंच जाईन."

मी तिला विचारलं होतं, टेकवली तर काय होतं?

"तो तिथीच थांबते. मंग उठत नाही."

मी शाळेत ग्रंथपाल आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण तिच्याशी वाद घालायची ताकदही त्या दिवसांत माझ्यात नव्हती. काटोलहून नागपूरपर्यंत मी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. पहिल्या गाडीतला कंडक्टर दोनदा जवळून गेला आणि दोन्ही वेळा मी पिशवीवर वाकून बसले. आत्या मात्र खिडकीशी बसून मोठ्यानं बोलत होती. "भाऊ, कळमेश्वर गेलं बरं." "भाऊ, काटोल नाका आला." पुढच्या सीटवरची बाई वळून वळून पाहायची. आत्या फोनवर बोलते असं तिला वाटलं असावं. मग तिला फोन कुठं दिसला नाही, आणि ती पुन्हा वळली नाही.

"तूही बोल नं वं," आत्या मला म्हणाली. "पोरीचा आवाज लवकर पोचते."

मला बोलता आलं नाही. आमच्या घरात बोलणं कमीच होतं. बाबा वाहतूक नियंत्रक होते, नागपूरच्या मोठ्या एसटी स्टँडवर. गाड्या कुठल्या फलाटावर लागतील ते ठरवायचे आणि माईकवर सांगायचे. दिवसभर इतकं बोलून आल्यावर घरी ते पाणी मागायलाही हात दाखवत. लहानपणी शाळा सुटली की मी स्टँडवर जाऊन त्यांच्या खोलीबाहेरच्या खांबाला टेकून पुस्तक वाचत बसे. आजूबाजूला संत्र्यांच्या पाट्या, बिड्यांचा वास, टपावर चढलेले हमाल. आणि वर, कर्ण्यातून, बाबांचा आवाज. वर्धा, काटोल, उमरेड, भंडारा. गाडीचं गाव ते दोनदा म्हणत, दुसऱ्यांदा जरा हळू, ज्याला पहिल्यांदा ऐकू आलं नसेल त्याच्यासाठी. मी त्या आवाजाशी जितकी बोलले तितकी घरच्या बाबांशी बोलले नाही.

त्या खांबावर एक जाड खिळा होता. खोलीत उंदीर फार, म्हणून बाबा डब्याची पिशवी त्या खिळ्याला टांगायचे. जेवणाची वेळ झाली की खिडकीतून मला खूण करायचे आणि मी ती काढून द्यायची. खिळ्यापर्यंत माझा हात पोचायला लागला तेव्हा मी पाचवीत होते.

बाबांच्या शेवटच्या वर्षांत स्टँड पाडून नवं बांधणार अशा बातम्या यायच्या. मधे बंद पडायच्या, परत यायच्या. एकदा पेपरात नव्या इमारतीचं रंगीत चित्र आलं. खाली गाड्या, वर दुकानं, सरकते जिने. बाबांनी भिंग घेऊन ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "यात आपला खांब कुठं येईल?" मी चित्रात बोट ठेवलं, उगीच, कुठंतरी. त्यांनी त्या जागी पेनानं बारीक फुली केली. ते कात्रण त्यांच्या उशाखाली सापडलं.

आम्ही स्टँडवर उतरलो आणि मी दिशाच विसरले. अर्ध्या फलाटांसमोर निळे पत्रे ठोकलेले. पत्र्यांच्या मागे काहीतरी सारखं आदळत होतं आणि प्रत्येक धडक्यासरशी पायाखालची जमीन हलायची. वरून पांढरी धूळ गळत होती. चौकशीची खिडकी नव्हती. फलाटांचे आकडे खडूनं पत्र्यांवर लिहिले होते आणि अर्धे पुसले होते. लोक सामान घेऊन एकमेकांना विचारत होते आणि कोणालाच माहीत नव्हतं.

"भाऊ, आपण स्टँडवर आलो," आत्या म्हणाली, पण या वेळी तिचा आवाज खाली गेला होता. तिनं पत्र्यांकडे पाहिलं, मग माझा दंड घट्ट धरला. "पोरी, इथी सांभाळजो. त्याचा जीव इथीच अडकून होता. इथी टेकवली तं तो काही रामटेकले येत नाही. आन् हे तं पाडून राहिले."

तिनं ते बोलून दाखवायला नको होतं. तोपर्यंत ती एक जुनी समजूत होती. त्या क्षणापासून ती माझी भीती झाली. मी डोळ्यांसमोर बाबांना पाहिलं, त्या पत्र्यांच्या मागे, धुळीत उभे, आणि गाडी निघून गेलेली.

बाबांची खोली पाडलेली होती, पण खांब अजून उभा होता, पत्र्यांच्या अगदी कडेला. खिळाही होता.

तेवढ्यात आत्याला बाथरूमला जायचं झालं. तिचे गुडघे गेलेले, तिला धरून न्यावं लागतं, बसवावं लागतं, उठवावं लागतं. आणि अस्थी घेऊन तिथं जाता येत नाही.

"कोणाला धरायला देता येईल का?" मी विचारलं.

"कोणाले देतं वं? काय सांगशीन?"

मी खिळ्याकडे पाहिलं. आत्यानंही पाहिलं. ती म्हणाली, "टांगली तं चालते. टेकवायची नाही फक्त." मी पिशवीचे बंद खिळ्यावर दोनदा गुंडाळले. आत्या खांबाला म्हणाली, "भाऊ, पाच मिनिटं. हाललास तं पाहा."

बाथरूमबाहेर रांग होती. पाच मिनिटांची वीस झाली. आत्या आत असताना कर्णा वाजला. ध्वनिमुद्रित आवाज होता, कोणा मुलीचा, गोड. बेवारस वस्तूला कोणीही हात लावू नये, अशी वस्तू आढळल्यास पोलिसांना कळवावे. बाबाही हे वाक्य रोज म्हणायचे. मी ते ऐकलं आणि तरी मला काही कळलं नाही. मग तोच आवाज लगेच दुसऱ्यांदा लागला, मग तिसऱ्यांदा, आणि शिट्ट्या वाजायला लागल्या.

आत्याला ओढतच मी परत आले.

खांबाभोवती मोठं रिकामं वर्तुळ झालं होतं. मघाशी जिथं पाय ठेवायला जागा नव्हती तिथं आता एक चप्पल पडलेली होती, फक्त एक. पत्र्यांमागचं काम थांबलं होतं. ती शांतता धडक्यांपेक्षा वाईट होती. एक महिला पोलीस हात पसरून लोकांना मागे सारत होती. बांधकामावरचा चौकीदार एक लांब बांबू घेऊन आला होता.

"बम असन काय बे?" माझ्या बाजूला एक जण म्हणाला.

"बम ठेवणारा काय खिळा शोधून टांगन का? बंद पाह्य नं, कसे गुंडाळले. कोणाचा डबा असन."

"मंग तू जाऊन खाय नं."

कोणीतरी हसलं, पण त्याचे पाय मागेच सरकत होते.

"मॅडम, इसको नीचे ले लेते," चौकीदार म्हणाला. "जमीन पे रख के ऊपर से रेती डाल देंगे. पथक आये तब तक."

जमीन पे. मला एवढेच शब्द ऐकू आले. त्यानं बांबू वर केला. मला ओरडायचं होतं. तोंड उघडत होतं आणि आतून काही येत नव्हतं. आत्या माझ्या आधी ओरडली.

"ए! बांबू खाली कर! माहा भाऊ हाय तो!"

सगळे आमच्याकडे वळले. मग खांबाकडे पाहू लागले, भाऊ कुठं दिसतो का ते. पोलीसबाई तरातरा आली.

"कोणाची आहे पिशवी? काय आहे त्यात?"

आत्या मला धरून रडायला लागली. तिच्या तिसऱ्या अटीचं मला भान होतं. गर्दीत एसटीच्या खाकी कपड्यांतले दोघं-तिघं उभे होते, त्यांतला एक रामटेक गाडीचा असू शकत होता. सांगितलं तर गाडीत घेणार नाहीत. नाही सांगितलं तर पिशवी खाली उतरवतील. चौकीदाराच्या बांबूचं टोक बंदांना लागलं आणि पिशवी एकदा डोलली.

"अस्थी," मी म्हणाले. इतक्या हळू की पोलीसबाईनं कान पुढे केला. मी ते दुसऱ्यांदा म्हणाले. "अस्थी आहेत. माझ्या वडिलांच्या. ते याच खोलीत नोकरीला होते."

तिनं समोर पाहिलं. तिथं खोली नव्हती.

"तोंडी कसं मानू, ताई? वर कळवलंय मी. सोडून दाखवा."

"पाण्यापाशी गेल्याबिगर फडकं सोडत नाहीत, बाई," आत्या म्हणाली. "तुह्या घरी कोणी गेलं नाही काय?"

पोलीसबाईनं हातातलं धातू शोधायचं यंत्र पुढे केलं आणि मला घेऊन वर्तुळात शिरली. खांबापर्यंतची ती दहा-बारा पावलं मी कशी चालले मला आठवत नाही. तिचाही श्वास जोरात चालला होता. ती माझ्याहून लहान असेल. यंत्र पिशवीजवळ नेताच ते किंचाळलं. गर्दी एकदम मागे फुटली, कोणाचं तरी मूल रडायला लागलं.

"तांब्याचा लोटा आहे," मी म्हणाले. "दुसरं काही नाही."

"तुम्ही काढा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं. आणि हलवून दाखवा."

मी बंद सोडवले. शेवटच्या वेढ्याला मी पिशवी छातीशी आवळून घेतली. मग दोन्ही हातांनी समोर धरली आणि हलवली.

वाळलेल्या शिरीषाच्या शेंगांसारखा आवाज आला. कोरडा, हलका. स्टँडवर एरवी कोणाला ऐकू आला नसता. त्या शांततेत तो सगळ्यांना ऐकू आला. बाबांचा त्या स्टँडवरचा शेवटचा आवाज तो असा होता आणि तो मी काढला होता.

लोक अजून एक पाऊल मागे गेले, पण आता वेगळ्या कारणानं. मघाशी हसलेल्या माणसानं टोपी काढली. पोलीसबाईनं यंत्र बंद केलं, कपाळाला हात लावला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "न्या, ताई. असं टांगून जात जाऊ नका." मग फोन लावून बॉम्बशोधक पथकाला नको म्हणून सांगितलं. पत्र्यांमागे धडके पुन्हा सुरू झाले. खांबाच्या वरच्या कडेतून वाळू गळली, माझ्या केसांवर, पिशवीवर.

रामटेकची गाडी पलीकडच्या टोकाला लागली होती. कंडक्टर दारात उभा होता, गर्दीतल्या खाकीतलाच एक. माझे पाय पायरीखाली थांबले. त्यानं पिशवीकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"किती जण?"

"तीन," आत्या म्हणाली.

"दोन," तो म्हणाला. "पुढच्या सीटवर बसा. मांडीवर घट्ट धरा, कन्हानपर्यंत रस्ता खराब आहे."

आत्या चढली, बसली आणि माझ्याकडे पाहायला लागली. तिचा आवाज रडून बसला होता. गाडी सुरू झाली. तिनं हातानं खांबाकडे दाखवलं, मग माझ्या तोंडाकडे. मी मागे वळून पाहिलं. रिकामा खिळा दिसत होता. तिथं कोणी उभं असेल असं मला वाटत नव्हतं, आणि वाटतही होतं.

"रामटेक," मी म्हणाले. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "रामटेकला जाणारी गाडी निघते आहे, बाबा." मग दुसऱ्यांदा, जरा हळू, "रामटेक."

कामठी आलं, कन्हानचा पूल आला, मनसर आलं. प्रत्येक ठिकाणी मी गाव दोनदा म्हटलं. हातांतली पिशवी तेवढ्याच वजनाची होती. मी सारखी ती अजमावत होते. स्टँडवर काही हलकी झाली का, हे मला कळत नव्हतं.

अंबाळ्याच्या पायऱ्यांवर मी गुडघाभर पाण्यात उतरले, फडकं सोडलं आणि लोटा पालथा केला. पाणी थोडा वेळ राखाडी झालं, मग नेहमीसारखं. आत्या वरच्या पायरीवर बसून होती. मी ओली वर आले तेव्हा तिनं विचारलं, "आला नं वं तो? इथी आला नं?"

मला खात्री नव्हती. अजून नाही. मी रिकामा लोटा तिच्या कानाजवळ नेला आणि हलवला. आम्ही दोघींनी ऐकलं. आत काही वाजलं नाही.