पाय दाखवा पहिला

जिजी गेल्याचा निरोप घेऊन माझा चुलतदीर सकाळच्या एसटीने निफाडहून नाशिकला आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "नक्की? कोणी पाहिलं?" पण हा प्रश्न माझा नव्हताच... तो माझ्या सासूबाईंचा, जिजींचाच होता. दुधात पाणी, पाहुण्याच्या वळकटीत ढेकूण, सुनेच्या डोकेदुखीत माहेरची ओढ, सगळीकडे त्यांना काहीतरी दिसायचं. हाताशी कायम एक बॅटरी, भर दुपारीसुद्धा. कणगीत, खाटेखाली, नातवंडांच्या कानांत तिचा उजेड पडायचा. लग्न होऊन निफाडच्या त्या घरात आले तेव्हा या बाईपुढे आपला निभाव कसा लागणार, याची मी धास्तीच घेतली होती.

त्याच वर्षीची गोष्ट. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली होती. एका सकाळी मांजरीने बागेतला उंदीर परसात आणून टाकला. अजून धुगधुगी होती. त्याच्या मानेवर गाठ आणि गाठीला भोक. जिजींनी बॅटरी मारली, तर भोकातून पांढरी अळी डोकावत होती. मला दिवसभर जेवण गेलं नाही. जिजींनी उंदीर रॉकेल ओतून जाळला, मांजरीला घर बंद केलं आणि सगळ्यांच्या माना, बगला, डोकी तपासायला घेतली. "उंदराला नाय सोडलं, ते माणसाला सोडणार हाय का?" हा त्यांचा सवाल.

एकटे अप्पा, माझे सासरे, तपासणीला सापडत नव्हते. ते बागेतल्या झोपडीत राहायला गेले होते. जेवायला आले तरी ओट्यावरच बसायचे आणि घाईने उठायचे. शिवाय अंगाला अत्तराचा वास! जन्मभर वेलींवर मारायच्या गंधकाच्या भुकटीचा वास घेऊन वावरलेला माणूस. शेजारणींना आयताच विषय मिळाला. "जिजी, म्हातारा लय रंगात आलाय," म्हणून त्या चेष्टा करायच्या. जिजी हसायच्या नाहीत. "अत्तराखाली कायतरी झाकलंय," एवढंच मला म्हणाल्या. त्यांच्या मनात बाईचा संशय होता, दारूचा होता की आणखी कसला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एका दुपारी मला बरोबर घेऊन त्या थेट झोपडीत शिरल्या. अप्पा खाटेवर बसले होते. उजव्या टाचेला धोतराची चिंधी, आणि तिच्यावर माश्याच माश्या.

"पाय दाखवा पहिला."

"काय नाय, टाच भेगाळली होती. सुकलीय आता."

"सुकलीय तर अत्तर कोणासाठी?"

अप्पांनी चिंधी सोडली. जखमेत अळ्या वळवळत होत्या. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेला, त्यामुळे त्यांना धड दुखतही नव्हतं. डॉक्टर बागेत पाऊल टाकू देणार नाही, छाटणी दुसऱ्याच्या हातात जाईल, म्हणून त्यांनी जखम लपवली होती. बैलाच्या जखमेत अळ्या मारायला भरतात तसा सीताफळाचा पाला ठेचून त्यांनी स्वतःच्या टाचेत भरला होता. बैलाला चालतं ते धन्याला का चालू नये? जिजींनी हातातली बॅटरी माझ्याकडे कोंबली आणि पदराने माश्या हाकायला लागल्या. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

नाशिकच्या डॉक्टरांनी अळ्या काढल्या, सडलेलं मांस कापलं. आणखी उशीर झाला असता तर पाय काढावा लागला असता, म्हणाले. जिजींनी उंदराची हकिकत सांगितली. "आजी, उंदरातली अळी उठून माणसाच्या अंगात शिरत नाही," डॉक्टर म्हणाले. "माशी उघड्या जखमेवर अंडी घालते. जखम स्वच्छ ठेवा, झाकून ठेवा, आणि पाय रोज बघत जा." बाहेर आल्यावर जिजी मला म्हणाल्या, "हा खरं सांगतोय कशावरून?" आणि उंदीर नि माशी, दोघांशीही त्यांनी वैर धरलं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला अप्पांनी पाय स्टुलावर ठेवायचा आणि जिजींनी बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत बॅटरी फिरवायची. "हिच्यापरीस पोलीस परवडला," अप्पा कुरकुरायचे, पण वेळ कधी चुकवली नाही. इतकी वर्षं तो पाय शाबूत राहिला तो त्या बाईच्या संशयामुळे. माया करायची त्यांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती... आणि मला ती कळायला फार वर्षं लागली नाहीत, हे माझं भाग्य.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही अप्पांना नाशिकला आणलं. त्यांच्या पिशवीत दोन धोतरं आणि ती बॅटरी. परवा संध्याकाळी देवापुढे दिवा लावून मी वळले, तर त्यांनी पाय स्टुलावर ठेवलेला. मी बॅटरी घेऊन खाली बसले, टाचेवरून उजेड फिरवला आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे, अप्पा."

त्यांनी पाय काढला नाही.

"ती अशी नव्हती बघत," ते म्हणाले. "मी खोटं बोलतोय असं समजून बघ."