पहिल्या रकान्यातली पुस्तकं

"वाच," आंटी म्हणाली. "एवढी हौस आहे ना. सगळ्यांसमोर वाच."

मी अकरा वर्षांची. हातात जाड, निळं, इंग्रजी पुस्तक. चर्चच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटातलं. रविवारची भक्ती संपली होती, संडे स्कूलची पोरं सतरंजीवर बसली होती, आणि कपाट उघडं दिसलं म्हणून मी ते काढलं होतं. एवढाच गुन्हा. आंटी म्हणजे वकीलसाहेबांची बायको. वकीलसाहेब आमच्या चर्चच्या पंच कमिटीचे चिटणीस. संडे स्कूल आंटी घ्यायची.

तिने मला बाकावर उभं केलं. मी हिंदी मीडियमची. पहिले दोन शब्द आले. तिसरा लांब होता. मी काहीतरी म्हटलं. पोरं हसली.

"परत."

मी परत म्हटलं. पोरं परत हसली. असं तिने सात-आठ वेळा करवलं. आठव्यांदा पोरांना हसायचाही कंटाळा आला होता, पण आंटीला आला नव्हता.

मग ती पोरांकडे बघून शांतपणे म्हणाली, "ही पुस्तकं पास्टर लोकांसाठी असतात. शिकलेल्या घरांसाठी. हिच्या लोकांना प्रभूने तारलंय, तेवढं पुरे आहे. डोकं सगळ्यांना देत नाही तो."

माझ्या बापाला बोलावलं. बाप चर्चचा चपरासी. घंटा वाजवणं, झाडणं, बाकं लावणं. चर्चच्या मागच्या एका कमऱ्यात आम्ही राहायचो. आंटी त्याला म्हणाली, "हिचे हात बघ." बापाने बघितले. हात स्वच्छ होते. रविवार होता, आईने घासून आंघोळ घातली होती. आंटी म्हणाली, "कपाटाची काच पुसून घे." बापाने पुसली. मग हात जोडले. "माफ करा मेमसाब, बच्ची आहे." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "माफी माग."

मी मागितली.

आंटीचं बोलणं मी समजू शकते. तिला तसंच शिकवलं होतं. माझा तो आवाज मात्र मला अजून सहन होत नाही. बारीक, लाचार. 'सॉरी आंटी.'

घरी बाप एवढंच बोलला, "अपन चर्चच्या कमऱ्यात राहतो. समजलं?"

समजलं.

माझे आजोबा महूला पलटणीत होते. जात महार. त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धाकट्या भावाने नंतर बौद्ध दीक्षा घेतली. ती चुलत मंडळी आजही महूला आहेत. ते आम्हाला विचारायचे, "तिकडे जाऊन जात गेली का?" आजोबा म्हणायचे, "गेली." खोटं बोलायचे. वकीलसाहेबांचे पणजोबा संस्थानात कारभारी होते, ब्राह्मण, आणि तेही बाप्तिस्मा घेऊनच आले होते. पण त्यांच्या घरात आजही अभिमानाने सांगतात, "आम्ही ब्राह्मण ख्रिस्ती." आम्ही नुसते ख्रिस्ती. तेही आडनाव ऐकेपर्यंत.

ज्या शब्दावर मी अडकले होते तो 'जस्टिफिकेशन' होता. सोळाव्या वर्षी कळला. माणसाची काहीही लायकी नसताना देव त्याला नीतिमान ठरवतो, तो शब्द. त्याच्यावरून माझं आठ वेळा हसं केलं होतं.

मी इंग्रजी शिकले. कोणी शिकवलं नाही. पेपरच्या रद्दीवर शिकले, डिक्शनरीवर शिकले. बीए प्रायव्हेट केलं, मग लायब्ररीचा कोर्स. एका प्रायव्हेट कॉलेजच्या लायब्ररीत लागले. बाप गेला तेव्हा दोन आठवड्यांत कमरा खाली करायला सांगितलं. आई आणि मी सुदामा नगरमध्ये भाड्याने राहायला आलो. चर्च तेच ठेवलं. आईला दुसरं चालत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी चर्चमध्ये नवीन पास्टरजी आले. तरुण, केरळचे. कमिटीसमोर ते म्हणाले की बेटमा, देपालपूरकडच्या गावांतल्या पास्टर लोकांकडे एक शास्त्र, म्हणजे बायबल, आणि एक गीतांचं पुस्तक, एवढंच असतं. काय वाचावं हे त्यांना कोणी सांगत नाही. आपल्या साध्या मंडळीलाही नाही. एक यादी काढू या. वाचावी अशी ख्रिस्ती पुस्तकं, प्रत्येक पुस्तकाखाली चार ओळींची टीप, हिंदीत आणि मराठीत. वकीलसाहेबांनी ते काम स्वतःच्या मुलीकडे दिलं. नॅन्सी. माझ्याच वयाची. त्या दिवशी सतरंजीवर होती.

एका दुपारी नॅन्सीचा फोन आला. "तू लायब्ररीत आहेस ना, तुला यातलं कळतं. जरा बघ ना. मेरे पास बिलकुल टाइम नहीं है."

तुला कळतं. त्या घरातून हे पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगते, मला आनंद झाला. आईला सांगताना मी हसत होते.

साठेक पुस्तकं होती. वर्षभराहून जास्त वाचत होते. पहाटे स्वयंपाकाआधी, कॉलेजात डबा खाताना, सिटी बसमध्ये. सात वह्या भरल्या. प्रत्येक पुस्तकात काय आहे, कोणाला उपयोगी पडेल, लेखक कुठे घसरला आहे. एक पुस्तक मयताच्या वेळच्या उपदेशांवर होतं. मी लिहिलं, 'गावातल्या पास्टरने हे आधी वाचावं. रडणाऱ्या माणसासमोर काय बोलू नये ते यात आहे.' एक पुस्तक दुःखावर होतं, फार गाजलेलं, गुळगुळीत. त्याखाली लिहिलं, 'लेखक प्रत्येक दुःखाला देवाची परीक्षा म्हणतो. ज्याचं दुःख दुसऱ्या माणसाने दिलेलं आहे, त्याच्या हातात हे पुस्तक देऊ नका.' या दोन ओळींसाठी मी ते पुस्तक तीनदा वाचलं.

वकीलसाहेबांनी यादीचे दोन रकाने करायला सांगितले. पहिला पाळकांसाठी, म्हणजे पास्टर लोकांसाठी, दुसरा सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी. मी म्हटलं, "साहेब, गावाकडचे कितीतरी पास्टर दहावी आहेत, आणि कितीतरी बायका मंडळीत त्यांच्यापेक्षा जास्त समजतात. एकच यादी ठेवू या."

ते म्हणाले, "प्रत्येक गोष्टीची एक व्यवस्था असते, बेटा." चष्मा पुसत म्हणाले. गोड आवाजात.

मी दोन रकाने केले.

प्रकाशन शनिवारी सकाळी होतं, त्याच हॉलमध्ये. गावाकडून पास्टर आले होते, कुणी मोटारसायकलवर, कुणी बसने. मी आईला घेऊन गेले. आईने मला स्वतःची रेशमी साडी नेसवली होती. आम्ही तिसऱ्या ओळीत बसलो. नॅन्सी आली, वाकली, कानाशी म्हणाली, "अगं, तू इथे काय बसलीस? केटररचा माणूस आलाच नाही. पोहे थंड होताहेत. जरा बघ ना, प्लीज."

मी उठले. माझ्यामागे आईही उठली. सत्तर वर्षांची बाई. आम्ही दोघी किचनमध्ये पोहे-जलेबीच्या प्लेटी भरत होतो आणि बाहेर प्रार्थना चालू होती.

पुस्तिकांचे गठ्ठे किचनमध्येच ठेवले होते. मी हात पुसून एक उघडली. पहिल्या पानावर, 'संकलन व टिपा', त्यापुढे नॅन्सीचं नाव. आत माझ्या टिपा. अक्षर न् अक्षर. मी पानं उलटत शेवटपर्यंत गेले. शेवटच्या पानावर आभार होते. पंच कमिटीचे, छापखान्याचे, माईकवाल्याचे. सगळ्यात खाली एक ओळ. 'चहापान व्यवस्था', आणि त्यापुढे माझं नाव.

छापलेलं.

म्हणजे केटररचा माणूस येणारच नव्हता. मी पोहे वाढणार हे पुस्तिका छापायला गेली तेव्हाच ठरलं होतं.

आईला वाचता येतं, हळूहळू. तिने माझं नाव बोटाने शोधलं आणि म्हणाली, "बघ, तुझं पण नाव घातलंय."

मी ट्रे उचलला आणि हॉलमध्ये गेले. दुसरं काही सुचलं नाही.

स्टेजवर वकीलसाहेब सांगत होते की त्यांच्या घराण्याने चार पिढ्या ज्ञान सांभाळलं आणि आज मुलीने ते मंडळीच्या पायाशी ठेवलं. टाळ्या झाल्या. मग देपालपूरकडचे एक म्हातारे पास्टर उभे राहिले. सदऱ्याच्या खिशात दोन पेन, हातात पुस्तिका उघडी. ते नॅन्सीला म्हणाले, "बहनजी, ये दुखवाली किताब मैं सालों से बाँट रहा हूँ. आपने लिखा है, मत दो. मेरे यहाँ एक बाई है. उसका आदमी उसको मारता है. हाथ तोड़ दिया. मैंने उसको यही किताब दी थी. कहा था, परीक्षा है. तो मैंने गलत किया क्या? अब उसको कौनसी दूँ?"

नॅन्सीने पानं उलटली. एकदा पुढे, एकदा मागे. तिने ती ओळही वाचलेली नव्हती. तिने बापाकडे बघितलं. बापाने माझ्याकडे बघितलं. मी ट्रे घेऊन भिंतीशी उभी होते, माझ्यामागे आई दुसरा ट्रे घेऊन.

वकीलसाहेब माईकवर हसून म्हणाले, "इनसे पूछ लीजिए. टाइपिंग इन्होंने की है."

सगळा हॉल वळला. मी ट्रे स्टेजच्या कडेला ठेवला, त्यांच्या बुटांजवळ.

"टायपिंग मी नाही केलं," मी म्हटलं. "मी वाचलं. मी लिहिलं. या पुस्तिकेतली प्रत्येक टीप माझी आहे. सात वह्या घरी आहेत. ज्यांचं नाव छापलंय त्यांनी यातलं एक पुस्तक उघडून बघितलेलं नाही. विचारा त्यांना. कोणतंही विचारा."

कोणी विचारलं नाही. नवीन पास्टरजी खाली बघत होते. त्यांना माहीत होतं. ते वर्षभर माझ्याच वह्या तपासत होते.

मी म्हाताऱ्या पास्टरांशेजारी जाऊन बसले. माईक न घेता, फक्त त्यांना सांगितलं. "हौ, गलत किया. पहले उसको जाकर बोलो कि गलत किया. मारना परीक्षा नहीं है, गुनाह है. किताब बाद में. किताब मैं खुद लेकर आऊँगी."

त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया आली नाही. त्या बाईचा हात तुटला होता.

दहा दिवसांनी कमिटीचं पत्र आलं. पवित्र स्थानी बेशिस्त वर्तन. लेखी माफी द्यावी. तोपर्यंत प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळणार नाही, मला आणि आईलाही. आईने काय केलं होतं? माझ्यामागे ट्रे घेऊन उभी होती.

मग वकीलसाहेब स्वतः घरी आले. आईने खुर्ची पुसून दिली. त्यांनी चहा घेतला नाही. मला एक शब्द बोलले नाहीत. आईशीच बोलले, त्याच गोड आवाजात. "तुमच्या मालकांची कबर आपल्या कब्रस्तानात आहे. तुम्हालाही त्यांच्याशेजारीच जायचं असेल ना. जागा कमिटी देते. मुलीला समजवा."

ते गेल्यावर आई म्हणाली, "माग ना गं माफी. एक कागद तर आहे."

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेल्यावर आई रिक्षा करून त्यांच्या बंगल्यावर गेली आणि माफीनाम्यावर सही करून आली. स्वतःच्या नावाच्या. त्यात लिहिलं होतं की माझ्या मुलीने खोटा दावा केला.

माझ्या आईकडून त्यांनी हे लिहून घेतलं.

तो कागद कमिटीच्या फाइलीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची थाळी येते. आई भाकर घेते. थाळी माझ्यासमोरून पुढे जाते. मी जागेवर बसून राहते आणि थाळी धरणाऱ्याकडे बघते. अजून एकानेही माझ्याकडे बघितलेलं नाही. घरी येताना आई बसमध्ये दुसऱ्या सीटवर बसते. मी तिला माफ केलंय का, ते मला ठाऊक नाही. तिने मला केलेलं नाही.

दर गुरुवारी माझी सुट्टी असते. मी देपालपूरची बस धरते. त्या हात तुटलेल्या बाईच्या ओसरीत सहा-सात बायका जमतात, त्यांना मी वाचून दाखवते. पहिल्या रकान्यातली, पास्टर लोकांची पुस्तकं. त्या मधेच थांबवतात, विचारतात, भांडतात. एकीने परवा विचारलं, "ये लिखनेवाला कभी भूखा रहा है?" असा प्रश्न मला सात वह्यांत सुचला नव्हता.

गेल्या आठवड्यात म्हाताऱ्या पास्टरांचा फोन आला. आवाज दबलेला. "बेटी, कमिटीवाले आए थे. मुझको भी निकाल देंगे. तू कुछ दिन मत आ. बाई का आदमी भी गुस्सा है, बोल रहा है कि आई तो टाँग तोड़ दूँगा."

मी त्यांना म्हटलं की तुम्ही घरात बसा, तुमचं नाव मी घेणार नाही.

कमिटीला मी एक पत्र लिहिलंय. माफीचं नाही. आईच्या सहीचा तो कागद खोटा आहे, तो तुम्ही धमकी देऊन घेतला आहे, आणि उद्या आईच्या मातीसाठी जागा नाकारलीत तर मी तिची शवपेटी तुमच्या गेटवर ठेवीन आणि गावाला सांगीन की का ठेवली. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. प्रत महूच्या चुलत भावाला दिली आहे. तो वकील आहे.

उद्या गुरुवार. बॅगेत तीन पुस्तकं भरली आहेत. तो नवरा दारात उभा असेल, कमिटीचा माणूसही असेल कदाचित. ओसरी बंद असली तर रस्त्यावर बसून वाचेन. मोठ्याने वाचेन. आत ऐकू जाईल इतकं.