बाबांनी सोडलेली जागा

बाबा खासदारकीचा राजीनामा देणार, ही बातमी मला एका गिऱ्हाइकाने सांगितली. उरण नाक्याजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून बसले होते. अक्षरं वाचता वाचता म्हणाले, मॅडम, तुमचे वडील जागा सोडतायत म्हणे. मी म्हटलं, काका, खालची ओळ वाचा. त्यांनी खालची ओळ चुकीची वाचली आणि बाबांनी जागा का सोडावी याची कारणं मात्र बरोब्बर क्रमाने सांगितली. त्यांचा नंबर वाढला होता. तो मी लिहून घेतला, फ्रेम दाखवल्या, भावात घासाघीस केली. ते गेल्यावर टीव्ही लावला, तर बाबांचा फोटो दिसत होता. मला काहीतरी वाटायला हवं होतं, पण काही वाटलं नाही. मी आवाज बंद केला आणि पुढच्या बाईंना आत बोलावलं.

प्रकरण साधं होतं. पक्षाच्या एक मोठ्या बाई, ज्यांना सगळे ताईसाहेब म्हणतात, त्या निवडणुकीत स्वतःच्या मतदारसंघात पडल्या होत्या. पडूनही त्यांना मंत्री केलं गेलं. मंत्री झालं की सहा महिन्यांत संसदेत यावं लागतं. मागच्या दाराने जाणार नाही, लोकांतून निवडून येणार, असा त्यांचा बाणा. बाणा छानच होता, फक्त त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी उठून जागा करून द्यायला हवी होती. आमचा मतदारसंघ पक्षाला भरवशाचा. बाबांनी राजीनामा द्यायचा, पोटनिवडणूक लागायची, ताईसाहेबांनी उभं राहायचं. बाबांना बदल्यात एखादं महामंडळ मिळेल असं कुणी म्हणे, कुणी म्हणे हातावर तुरीच मिळतील.

बाबांना खासदारकी मिळाली तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. त्याआधी आयुष्यभर त्यांनी पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. सतरंज्या उचलणारा माणूस व्यासपीठावर बसला याचं आमच्या गावाला इतकं अप्रूप होतं की निकालाच्या दिवशी म्हाताऱ्या बायका नाचल्या. गाव पनवेलला लागूनच आहे. शेतं कधीच प्रकल्पात गेली, आता चारी बाजूंनी टॉवर आहेत आणि मधे आमची घरं. पोरं वाढली, लग्नं झाली, तशा लोकांनी गरजेपोटी खोल्या वाढवल्या. सरकारी भाषेत त्या सगळ्या अनधिकृत. बाबांनी प्रचारात एकच शब्द दिला होता, घरं नावावर करून देईन. नुकते कुठे दिल्लीत लोक त्यांच्या बोलण्याची दखल घ्यायला लागले होते.

दुकानात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. चष्म्याच्या दुकानात माणूस बसलेला असतो आणि त्याला उठता येत नाही, त्यामुळे मलाही सगळं ऐकावं लागतं. एक प्राध्यापक म्हणाले, मंत्रीच आपल्या भागाची खासदार झाली तर कामं पटापट होतील, तुमच्या वडिलांनी मोठं मन दाखवावं. खांदा कॉलनीतल्या एक मॅडम म्हणाल्या, मी एका माणसाला मत दिलं, आता तो म्हणतो माझ्याऐवजी हिला घ्या, हे काय वाण्याकडे सुटं नाही म्हणून चॉकलेट घेण्यासारखं आहे का? मला दोघांचंही पटलं. तेव्हा मला सगळ्यांचंच पटत होतं.

शेवटी मी बाबांनाच फोन केला. ते म्हणाले, काही ठरलेलं नाही, गावकीला विचारल्याशिवाय मी काही करत नाही. गावकी म्हणजे आमच्या गावाची बैठक, देवळाच्या मंडपात भरते. पालखी कधी निघायची, कुणाच्या भिंतीवरून कुणाचं भांडण, सगळं तिथे ठरतं. बाबांनी पहिल्यांदा उभं राहावं की नाही, तेही तिथेच ठरलं होतं. त्यामुळे सोडायचं असेल तर तेही तिथेच ठरावं, हे त्यांचं म्हणणं मला सरळ वाटलं. बैठक सोमवारी होती.

ताईसाहेब रविवारी आल्या.

सकाळी आईचा फोन आला, पाव्हनी येतेय, तू ये. मी रोडपालीच्या माझ्या घरून निघून गावी पोचले तोवर गल्लीत गाड्यांची रांग लागलेली. बाई साध्या होत्या हे मला कबूल करायलाच हवं. चप्पल बाहेर काढून आल्या, आईच्या पाया पडल्या, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मागून घेतली आणि मनापासून खाल्ली. जागेचा विषय त्यांनी काढला नाही. बाबांनीही काढला नाही. पावसाचं, गुडघेदुखीचं, दिल्लीतल्या थंडीचं बोलणं झालं. बाहेर पत्रकार उभे होते. ते सोबतच आले होते, पण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

निघताना आईने त्यांना पाट दिला. पहिल्यांदा घरात आलेली सवाष्ण मोकळ्या पदराने उंबरा ओलांडत नाही, हा आमच्या घरचा नियम. विम्याच्या एजंट बाई आल्या तरी आई त्यांची ओटी भरते. मग त्या बिचाऱ्या नारळ सांभाळत स्कूटर चालवतात. आईने हळदकुंकू लावलं, ताईसाहेबांच्या पदरात तांदूळ, सुपारी, ब्लाऊजपीस आणि नारळ घातला. दारातून कॅमेरे आत आले. ताईसाहेबांचे डोळे भरून आले होते. खोटे नव्हते ते डोळे, मी जवळून पाहिले. बाहेर जाऊन त्या पत्रकारांना म्हणाल्या, "मला आज माहेर मिळालं. माहेर लेकीला रिकाम्या हाती पाठवत नाही."

दुपारपर्यंत आईचे हात सगळ्या चॅनलवर दिसत होते. नुसते हात, हिरव्या बांगड्या आणि नारळ. खाली पट्टी: जागा सोडण्यावर कुटुंबाचं शिक्कामोर्तब.

आई जेवण आवरत होती. मी तिला सांगितलं, टीव्हीवर काय चाललंय ते. तिने भांडं घासायचं थांबवलं नाही. "मी वटी भरली," ती म्हणाली, "घर नाय दिलं."

पण ऐकायला कोण होतं? पक्षाच्या कार्यालयातून बाबांना फोन आला, आभार, एवढ्या मोठेपणाने मार्ग काढलात. बाबा हं हं करत राहिले. त्यांना सांगता आलं असतं की आमच्यात ही रीत आहे, तिचा राजकारणाशी संबंध नाही. पण ते सांगायचं म्हणजे, ज्या बाईने आत्ताच पदर पसरून माहेर म्हटलं तिला म्हणायचं की तुझं माहेर हे नव्हे, आम्ही सगळ्यांनाच नारळ देतो. पदरात घातलेलं परत मागणारं घर आमच्या पंचक्रोशीत नाही. बाबांनी फोन ठेवला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. त्या कापडाने काच खराब होते हे मी त्यांना हजारदा सांगितलंय. त्या दिवशी नाही सांगितलं.

सोमवारी मंडप भरला. बायका मागे बसतात, आई नि मी मागे बसलो. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, गावाला विचारायला आलोय. पुढे बसलेले एक म्हातारे, बाबांचे चुलते, हसले. त्या हसण्यात राग होता. ते म्हणाले, वटी भरून पाठवलीस नि आता आमाला इचारतोस? गावालाही तेच वाटलं होतं जे पक्षाला वाटलं. आमच्याकडे सोयरीकसुद्धा आधी ठरते, मगच पाट मांडतात. पाट मांडून झाल्यावर ठरवत नाहीत. म्हणजे बाबांनी आधीच शब्द दिला आणि गावकीला नुसतं ऐकायला बोलावलं, असा अर्थ लागला. बाबा म्हणाले, तसं नाही काका. पुढे काय म्हणणार? बायकोने न विचारता भरली असं म्हटलं तर आई तोंडघशी पडत होती. आई माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या मांडीवर होता.

चुलते मग जरा मऊ झाले. म्हणाले, "आमी मत तुला दिलं व्हतं रे. तुजं असतं तं तू कोनालाबी दिलं असतंस. ते आमचं व्हतं." गावकीने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, चहा आला, लोक चहा पिऊन गेले.

त्यानंतर एकदाच बाबा माझ्याशी त्यावर बोलले. मला गाडीत घेऊन ते गोवा रस्त्याला लागले. काही काम नव्हतं. कर्नाळ्याच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. माकडं गाडीच्या टपावर चढली, बाबांनी हाकलली नाहीत. ते म्हणाले, पक्षानं तिकीट दिलं नसतं तर मला काळं कुत्रं ओळखत नव्हतं, मग ती जागा पक्षाची की माझी? मी म्हटलं, तुमचे काका म्हणाले ती गावाची. ते म्हणाले, गावाच्या मतांवर सरपंच होतो, खासदार होत नाही. बाकीच्यांनी निशाणी बघून दिलं. आणि मी नाही म्हटलं तर पुढच्या वेळी निशाणी नसेल, मग घरांचं कोण बघणार? ताईसाहेब मंत्री आहेत, त्या बघतील. मी विचारलं, बघतील असं त्या म्हणाल्या का? बाबा म्हणाले, माहेर म्हणाल्या ना. मग त्यांनी चहाचे पैसे दिले आणि आम्ही परत फिरलो. मला त्यांची कीव आली. इतक्या दिवसांत तेवढंच काय ते मला वाटलं, आणि तेही पनवेल येईपर्यंत टिकलं नाही.

बाबांनी दिल्लीला जाऊन राजीनामा दिला. फोटोत ते हसत होते. महामंडळ मिळालं नाही.

पोटनिवडणूक लागली. ताईसाहेबांचा प्रचार बाबाच करत होते, कारण या भागातली प्रत्येक गल्ली त्यांनाच माहीत. स्वतःसाठी फिरले नसतील एवढे ते फिरले. शहरात लोक हार घालायचे, त्याग म्हणायचे. आमच्या गावात लोक दारं उघडी ठेवून आत जायचे. बाबा उघड्या दारात पत्रक ठेवून पुढच्या दाराशी जायचे. मी दोन दिवस त्यांच्याबरोबर गेले. पत्रकावर त्यांचाही छोटा फोटो होता, खाली कोपऱ्यात. पाय दुखतात का विचारलं तर म्हणायचे, नाही. उन्हात टोपी घाला म्हटलं तर घालायचे. जे सांगू ते करत होते, आणि आम्ही सगळेच तसे झालो होतो. आई वेळेवर डबा भरायची. मी वेळेवर दुकान उघडायचे. कुणी भांडत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी मी रोडपालीला माझं मत देऊन गावी गेले. कुणाला दिलं ते विचारू नका, मला बटण दाबतानाही काही वाटलं नाही. बाबा इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर तयार होते. दरवेळी ते आणि आई जोडीने शाळेत जातात, मतदान करतात, बाहेर येऊन बोट दाखवतात आणि तो फोटो छापून येतो. पत्रकार शाळेपाशी थांबले होते. कार्यकर्त्यांनी दोनदा येऊन सांगितलं, साहेब, चला.

आई स्वयंपाकघरात पिठाची परात पुढे घेऊन बसली होती. घरातल्याच साडीत. बाबांनी आत जाऊन विचारलं, तयार नाही झालीस? ती म्हणाली, मी येत नाय. बाबा म्हणाले, बाहेर लोक थांबलेत. तिने पिठातले हात काढले नाहीत. त्या रविवारनंतर इतके महिने तिने याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

"पोटनिवडनूक मानूस गेल्यावर होते," ती म्हणाली. "आपल्याकं दोनदा झाली, दोनी वेलेस मानूस मेला व्हता. माजा मानूस जिता हाय. मी कोनाच्या जागेवर मत देऊ?"

बाबा दारात उभे राहिले. मला वाटलं ते ओरडतील, किंवा रडतील, आणि यातलं काहीही झालं असतं तर बरं झालं असतं. ते हळूच बाहेर आले, चपला घातल्या. मी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत गेले. मत देऊन बाहेर आल्यावर त्यांनी शाई लावलेलं बोट वर केलं. एका पत्रकाराने विचारलं, वहिनी दिसत नाहीत?

बाबा म्हणाले, तिला बरं नाही.